शेगडी आली, पण धूर कुठून काढायचा?

पत्र: आम्ही कोळशाची एक जुनी बंदिस्त शेगडी घेतली आहे. ओतीव लोखंडाची, ७ किलोवॉटची, धुराचं तोंड मागच्या बाजूला, १५० मिमी व्यासाचं. खोली ५ बाय ४ मीटर, उंची २.८ मीटर. भिंत विटांची असली तरी आतून लाकडी फळ्या मारल्या आहेत, छतही लाकडाचंच. घरात १०० मिमीचा जीआय पाइप पडून आहे. तो रिड्यूसर लावून शेगडीला जोडायचा, भिंतीतून बाहेर काढायचा आणि वळचणीखालीच एल्बो लावून तोंड वर करायचं, असा बेत आहे. छताला भोक पाडायची भीती वाटते, गळायला लागलं तर? शेगडी भिंतीपासून फूटभर अंतरावर ठेवली तर पुरे ना? आणि रात्री झडप पूर्ण बंद करून विस्तव सकाळपर्यंत राखता येईल का?

उत्तर:

पत्रात लिहिला आहे तसा पाइप कृपा करून बसवू नका. शेगडी कामाची दिसते, पण धुराड्याचा बेत तीन ठिकाणी चुकला आहे आणि त्यातल्या दोन चुका एकाच गोष्टीवर घाला घालतात: ओढीवर. धूर वर खेचला जाणं म्हणजे ओढ. लाकडाच्या चुलीत ओढ कमी पडली तर डोळे चुरचुरतात, खोकला येतो, माणूस उठून खिडकी उघडतो. दगडी कोळसा नीट फुलला की त्याला धूर जवळजवळ नसतोच. ओढ कमी पडली की खोलीत येतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही. म्हणून या कामात पैसे वाचवायचेच असतील तर शेगडीत वाचवा, पाइपात नको.

आधी त्या जीआय पाइपचं बघू. त्यावरचा जस्ताचा मुलामा ४१९ अंश सेल्सियसला वितळतो. विस्तव जोरात असताना शेगडीलगतचा पाइप त्याच्या जवळपास पोचू शकतो. मुलामा सुटतो, उघडा पडलेला पत्रा झपाट्याने गंजतो, आणि फार तापल्यावर निघणारी जस्ताची वाफ फुप्फुसांना अपायकारक असते. आत वापरायचा तो साधा काळा पोलादी किंवा इनॅमल चढवलेला पाइप, निदान २४ गेजचा. कोळशासाठी त्याहून जाड मिळाला तर तोच घ्या. ॲसबेस्टॉस सिमेंटचा पाइप कुणी सुचवला तर साफ नकार द्या. तो उष्णतेने तडकतो आणि त्याचे तंतू श्वासात जाणं धोक्याचं आहे.

दुसरी अडचण मापाची. १५० चं तोंड १०० वर आणलं तर ‘थोडंसंच लहान केलं’ असं वाटतं. पण वायू क्षेत्रफळातून वाहतो. १५० मिमी पाइपचं क्षेत्रफळ सुमारे १७,७०० चौरस मिमी, १०० मिमीचं ७,८५०. म्हणजे निम्म्याहून अधिक वाट बुजवली. शेगडीच्या तोंडाचं जे माप तेच माप धुराड्याच्या वरच्या टोपीपर्यंत ठेवायचं, मध्ये कुठेही अरुंद करायचं नाही. रिड्यूसर परत करून टाका.

तिसरी चूक उंचीची, आणि सगळ्यात मोठी हीच. ओढ येते ती पाइपातली गरम हवा हलकी आणि बाहेरची गार हवा जड असते म्हणून. बाहेर १० अंश आणि पाइपात सरासरी १५० अंश असेल तर उंचीच्या दर मीटरमागे साधारण ४ पास्कल (पास्कल हे दाब मोजायचं एकक) ओढ मिळते. बऱ्याचशा शेगड्यांना १२ पास्कलच्या आसपास लागते. वळचणीखाली संपणारं तुमचं धुराडं शेगडीपासून फार तर दीड मीटर चढेल, म्हणजे हिशेबाने ६ पास्कल. त्यातून वळणांचं आणि घर्षणाचं नुकसान वजा करा. उरलं काय? शिवाय वळचणीखाली वाऱ्याचा दाब उलटसुलट होत असतो. वारा फिरला की धूर घरात परत येईल, नाहीतर छपराच्या आतल्या लाकडाला तापवत बसेल.

शेगडीच्या माथ्यापासून टोपीपर्यंत निदान ४.५ मीटर उंची धरा. शिवाय छपरातून पाइप बाहेर येतो तिथून तो किमान ०.९ मीटर वर गेला पाहिजे आणि आडव्या ३ मीटरच्या आत छपराचा जो काही उंच भाग असेल त्याच्याही ०.६ मीटर वर. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. छपराचा कणा जवळ असेल तर दुसरी अट जास्त उंची मागते, हे विसरायला होतं.

म्हणून आमचं मत: छताची भीती बाजूला ठेवा आणि धुराडं सरळ वर काढा. घराच्या आतून गेलेलं धुराडं उबदार राहतं, त्यामुळे ओढ स्थिर राहते. वळणं नसल्याने राख अडत नाही, ब्रश सरळ जातो. गळतीला उपाय आहे, कमी ओढीला नाही. पाइपभोवतीच्या पत्र्याच्या कॉलरची, म्हणजे फ्लॅशिंगची, वरची कड छपराच्या आच्छादनाखाली सारायची आणि खालची कड आच्छादनावर सोडायची. पाणी उतारावरून पत्र्यावर येतं आणि पत्र्यावरून पुढे निघून जातं. बहुतेक छपरं गळतात ती चारही कडा वरून ठोकून सीलंट फासल्यामुळे. फ्लॅशिंगच्या वर पाइपला आवळून एक शंकूच्या आकाराची पट्टी बसते. तिच्या वरच्या कडेला उष्णता सोसणारं सीलंट लावा. पण फ्लॅशिंग पाइपला पक्कं चिकटवू नका. पोलाद तापून वाढतं, ३०० अंश तापलं तर मीटरमागे साडेतीन मिमी, आणि पाइपला वरखाली सरकायला जागा लागते.

जोडणी अशी. शेगडीच्या मागच्या तोंडातून निघणारा आडवा तुकडा १५० मिमीपेक्षा लांब नको. लगेच टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावा. टीच्या खालच्या तोंडाला घट्ट बसणारं झाकण हवं, कारण कोळशाची उडती राख नेमकी तिथेच साठते आणि तिथूनच काढता येते. हे झाकण सैल असेल तर ओढ शेगडीऐवजी तिथून हवा खेचत बसते आणि विस्तव का लागत नाही ते कळत नाही. काही शेगड्यांत मागचं तोंड बुजवून वरचं उघडता येतं. तुमच्या शेगडीच्या माथ्यावर बोल्टने बसवलेली गोल तबकडी दिसली तर वरचंच तोंड वापरा, आडवा तुकडाच टळेल.

टीपासून वर साधा काळा पाइप. प्रत्येक सांध्यात वरच्या पाइपचं चुण्या पाडलेलं निमुळतं टोक खालच्या पाइपच्या आत गेलं पाहिजे. पुष्कळजण उलट जोडतात, धूर बाहेर निसटू नये म्हणून. ओढ असेल तर सांध्यातून धूर बाहेर येत नाही, हवा आत जाते. उलट जोडलं तर पाइपात जमलेला ओलावा काजळी घेऊन सांध्यातून बाहेर ओघळतो आणि भिंतीवर काळे डाग पडतात. सांधा ५० मिमी एकमेकांत जाऊ द्या, फायर सिमेंट लावा आणि प्रत्येक सांध्याला समान अंतरावर तीन स्क्रू मारा. नुसत्या सिमेंटवर विसंबू नका. ते तडकतं, आणि धक्का बसला की पाइप निखळतो.

हा एकपदरी पाइप लाकडी छतातून, माळ्यावरून किंवा कपाटातून कधीही न्यायचा नाही. छताच्या ४५० मिमी खालीच तो संपवा आणि तिथून टोपीपर्यंत दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक भरलेला दुपदरी तयार पाइप वापरा. छताला चौकोनी भोक असं पाडा की दुपदरी पाइपच्या बाहेरच्या अंगापासून लाकूड सर्व बाजूंनी किमान ५० मिमी दूर राहील. त्या ५० मिमीत काचलोकर किंवा काहीही कोंबू नका. ती जागा हवा खेळण्यासाठी आहे. कोंबलेलं कोंदण उष्णता धरून ठेवतं आणि शेजारचं लाकूड भाजत राहतं. खालून-वरून धातूची तबकडी लावून भोक झाका आणि पाइपचं वजन छताच्या वाशांना जोडलेल्या आधारावर द्या. शेगडीवर सगळा भार पडला तर ओतीव लोखंड तडकू शकतं. दुपदरी पाइप घेताना त्याच्यावर घन इंधनासाठी, शक्यतो कोळशासाठी, योग्य असल्याचा उल्लेख आहे का ते बघा. गॅसच्या गिझरचा पाइप यात चालत नाही. टोपी पावसापुरती साधी असू द्या. बारीक जाळीची घेतलीत तर काजळीने जाळी बुजून धुराडंच बंद होईल.

भिंतीतूनच काढण्यावाचून गत्यंतर नसेल तरी उंचीचे नियम तेच. बाहेरचा सगळा पाइप दुपदरी, तळाशी टी आणि झाकण, दर दोन मीटरला भिंतीत पक्का ब्रॅकेट. भिंतीत शिरताना भोकाभोवतीच्या फळ्या कापून लाकूड दूर करावं लागेल. विटा आहेत म्हणून फळ्या सुरक्षित, असं होत नाही.

आता फूटभर अंतराचं. कुठलंही संरक्षण नसेल तर लाकडी भिंतीपासून शेगडी ९०० मिमी आणि एकपदरी पाइप ४५० मिमी दूर हवा. शेगडीवर बनवणाऱ्याची पट्टी असेल तर तिच्यावरचं अंतर प्रमाण माना. तुम्हाला फूटभरावर आणायचीच असेल तर भिंतीपुढे पत्र्याचा आडोसा लावा. २४ गेजचा पत्रा, भिंतीपासून २५ मिमी पुढे, मध्ये न जळणाऱ्या नळीचे तुकडे, आणि खालची व वरची कड उघडी. खालून गार हवा शिरते, वरून गरम निघते आणि भिंत गार राहते. हे केलंत तर शेगडीचं अंतर ३०० मिमीपर्यंत आणता येतं. फळ्यांवर थेट टाइल्स चिकटवून आडोसा झाला असं समजू नका. टाइल जळत नाही, पण उष्णता आरपार देते. वर्षानुवर्षं भाजलेलं लाकूड नव्या लाकडापेक्षा पुष्कळ कमी तापमानाला पेट घेतं, त्यामुळे ‘इतके दिवस काही झालं नाही’ हा भरवसा धरता येत नाही. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे शेगडीमागच्या फळ्या काढून वीट उघडी करणं. शक्य असेल तर तोच करा. खाली विटांचा किंवा काँक्रीटचा ओटा घ्या, दारासमोर ४५० मिमी आणि बाकी बाजूंना २०० मिमी पुढे आलेला.

हवेचं तुम्ही विचारलं नाही, पण ते सांगायलाच हवं. शेगडी जेवढा वायू बाहेर टाकते तेवढी हवा खोलीत कुठून तरी आली पाहिजे. दर किलोवॉटला ५५० चौरस मिमी कायम उघडं भोक धरलं तर ७ किलोवॉटला ३,८५० चौरस मिमी होतात, म्हणजे ७० मिमी व्यासाचं गोल भोक. बाहेर उघडणारं, बंद न होणारं. थंडी वाजते म्हणून त्यात बोळा कोंबायचा नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन हा शेगडीचा मोठा शत्रू. तो घरातली हवा बाहेर फेकतो आणि ती भरून काढायला धुराड्यातून उलटी हवा येते.

शेगडी तुमच्या खोलीला जरा मोठी आहे. बऱ्यापैकी बंद खोलीला १४ घनमीटरमागे १ किलोवॉट हा ठोकताळा धरला तर ५६ घनमीटरला ४ किलोवॉट पुरतात. मोठी शेगडी सतत दाबून ठेवावी लागते आणि दाबलेला कोळसा ओढ घालवतो. शेजारच्या खोलीचं दार उघडं ठेवून उष्णता वाटून घ्या.

जुनी शेगडी बसवण्याआधी अंधारात आत दिवा लावून बाहेरून बघा. उजेड जिथून दिसेल तिथे तडा किंवा उघडा सांधा आहे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर दाराची काचतंतूंची दोरी बदला. आतली, कोळसा जिच्यावर जळतो ती जाळी वाकलेली किंवा तुटलेली नको, आतल्या विटा शाबूत हव्यात. आणि ती खरोखर कोळशाचीच आहे ना, हे तपासा: कोळशाला हवा खालून, जाळीतून लागते. जाळी नसलेल्या, सपाट तळाच्या लाकडाच्या शेगडीत कोळसा धड पेटतच नाही. पेट्रोलियम कोकही घालू नका, त्याच्या आचेने जाळी वितळून खराब होते.

फायर सिमेंट २४ तास वाळू द्या. मग तीन वेळा लाकडाचा लहानसा जाळ करा, प्रत्येक वेळी पूर्ण निवू द्या. रंगाचा उग्र वास येईल, खिडक्या उघड्या ठेवा. त्यानंतरची चाचणी टाळू नका. दारं-खिडक्या बंद, एक्झॉस्ट फॅन पूर्ण वेगात, शेगडीत लहान जाळ, आणि जळती उदबत्ती दाराच्या फटीजवळ व प्रत्येक सांध्याजवळ फिरवा. धूर आत खेचला गेला पाहिजे. खोलीकडे वळला तर हवेचं भोक वाढवा आणि तोवर कोळसा पेटवू नका. धुराडं गार असेल तर त्यात थंड हवेचा बुच बसतो. आधी कागदाचा एक चुरगळलेला बोळा पेटवून तो बुच वर ढकलावा लागतो. रॉकेल किंवा पेट्रोल कधीही नाही.

आता रात्रीच्या झडपेचं. पाइपातली झडप पूर्ण बंद करायची नाही. ती अशी बसवून घ्या की बंद केली तरी चौथा हिस्सा उघडा राहील, तबकडीला तेवढा काप घ्या. कारण असं: खालच्या थरात कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो वरच्या लालबुंद निखाऱ्यांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड बनतो आणि विस्तवावर निळ्या ज्वाळा नाचतात त्या त्याच्या जळण्याच्या. वरची वाट बंद केली की तो न जळता खोलीत उतरतो. विस्तव मंद करायचा तो खालची हवा कमी करून.

झोपण्याच्या तासभर आधी जाळी खालून हलवा, लाल ठिणग्या राखेच्या ट्रेत पडू लागल्या की थांबा. वरून टोचू नका, टोचल्याने अँथ्रासाइटसारख्या कडक कोळशाचा थर बसतो आणि हवा अडते. ट्रे रिकामा करा. राख जाळीला टेकली तर जाळीला गार करणारी हवा बंद होते आणि ती भाजून वाकते. मग कोळसा दोन-तीन थरांत भरा, दर वेळी थोडा निखारा उघडा ठेवून. मऊ, धूर करणाऱ्या कोळशाला हे फारच महत्त्वाचं आहे. सगळा निखारा झाकला तर कोळशातला वायू साठतो आणि अचानक भडकून दार उडवू शकतो. पंधरा-वीस मिनिटं निळ्या ज्वाळा दिसल्या की खालची हवा कमी करा, वरची किंचित उघडी ठेवा आणि झोपा. ७ किलोवॉटची शेगडी पूर्ण जोरात तासाला साधारण सव्वा किलो चांगला कोळसा खाते, रात्री दाबून ठेवल्यावर त्याहून पुष्कळ कमी.

उबदार रात्री मात्र विस्तव राखूच नका. बाहेर २५ अंश आणि दाबलेल्या पाइपात ६० अंश असले तर मीटरमागे जेमतेम सव्वा पास्कल ओढ उरते. ५ मीटरच्या धुराड्यालाही ६, म्हणजे गरजेच्या निम्मी.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन जागी लावा. साधा धुराचा अलार्म तो वायू ओळखत नाही. शेगडीच्या खोलीत तिच्यापासून आडव्या १ ते ३ मीटरवर, छताला असेल तर भिंतीपासून ३०० मिमी आत. दुसरा झोपायच्या खोलीत, उशीच्या उंचीवर. वाजला, किंवा घरात सगळ्यांचंच डोकं दुखून मळमळू लागलं, तर दारं उघडत सगळ्यांना बाहेर काढा आणि डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडचा संशय आवर्जून सांगा. विस्तवावर पाणी ओतू नका, वाफेने भाजाल आणि लोखंड तडकेल. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, घराबाहेर, फरशीवर ठेवा. आतला निखारा दिवसभरानंतरही जिवंत असू शकतो.

पहिल्या हंगामात टीचं झाकण महिन्यातून एकदा उघडून राख काढा. हंगाम संपला की आठवड्याच्या आत एकपदरी पाइप सोडवा. कोळशात गंधक असतो, त्याची राख दमट हवेत ओलसर झाली की आम्ल तयार होतं आणि हिवाळ्यात टिकलेला पत्रा न वापरता उन्हाळ्या-पावसाळ्यात सडतो. पाइप बाहेर नेऊन १५० मिमीच्या ब्रशने झाडा, आतून तेलाचा पातळ हात फिरवा आणि कोरड्या जागी ठेवा. दुपदरी पाइप झाडताना पोलादी तारेचा ब्रश नको, आतला पत्रा ओरखडतो, नायलॉनचा घ्या. मग शेगडीच्या तोंडावर झाकण घाला आणि दार किंचित उघडं ठेवा, म्हणजे आत दमटपणा कोंडणार नाही.